जुन्या गाडीचा हिशेब

मोटारगाडी जुनी झाली, इंजिनाने धूर टाकावयास आरंभ केला, आणि मिस्त्रीने कामाचा आकडा सांगितला, की घरोघर एकच वाद सुरू होतो. गाडीची किंमत पन्नास हजार आणि दुरुस्ती बेचाळीस हजारांची. मग असल्या गाडीवर पैसा घालणे म्हणजे शुद्ध अव्यवहार, असे निम्मे घर म्हणते. उरलेले निम्मे घर म्हणते की, मागच्याच वर्षी क्लच नवा टाकला, चारही टायर बदलले, ते सारे पाण्यात घालावयाचे काय? दोन्ही पक्ष स्वतःस व्यवहारी समजतात. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला खेदाने नमूद करावे लागते की दोघांचेही तर्कशास्त्र चुकलेले असते.

प्रस्तुत लेखकाच्या घरीच हा प्रसंग उभा राहिल्यामुळे त्याचा विचार करणे भाग पडले. गाडी २००९ सालची, लहान, पेट्रोलवर चालणारी. वर्षाला पाच हजार किलोमीटरांच्या वर तिचे चालणे नाही. परंतु महिन्यातून दोनदा आईला तासगावहून मिरजेला दवाखान्यात न्यावे लागते, आणि एसटीची पायरी चढणे आता तिला शक्य नाही. गेल्या वैशाखात गाडी भर उन्हात रस्त्यात बंद पडली व आई दीड तास बाभळीच्या सावलीत बसून राहिली. तेव्हापासून हा प्रश्न केवळ रुपयांचा राहिलेला नाही. तथापि रुपयांचे गणित आधी नीट मांडल्याखेरीज पुढचा विचार करता येत नाही.

टायर व क्लच यांचा खर्च हा बुडीत खर्च होय. तो झाला, परत येणार नाही. दुरुस्ती करा वा न करा, त्यात फरक पडत नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले. ते मी २०२४ साली भरले, तेही ह्याच सदरात गेले. वर्गात ही संकल्पना विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत समजते. घरी ती समजावून देण्यास मला दोन रविवार लागले, आणि खरे सांगावयाचे तर माझी स्वतःचीही पूर्ण खात्री पटली होती असे नाही.

दुसऱ्या पक्षाची चूक अधिक सूक्ष्म आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची रीत सर्वत्र आहे; पण बाजारभाव हे मुळात माप कशाचे? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. पुढे २००१ साली त्याच विचारासाठी अ‍ॅकरलॉफ नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. विचार असा की, जुन्या गाडीचे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खोडीचीच असणार असे धरून किंमत बोलतो. त्या किमतीस चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही, आणि बाजारात खोडीच्या गाड्याच अधिक उरतात. ह्याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पन्नास हजार हा अनोळखी गाडीचा भाव आहे. सोळा वर्षे आपण स्वतः हाकलेल्या, जिचा प्रत्येक खडखडाट आपल्या ओळखीचा आहे अशा गाडीचा नव्हे. तेवढ्याच पैशांत दुसरी जुनी गाडी घ्यावयास गेलो तर आपण अज्ञानी पक्षात जाऊन बसतो.

तेव्हा तुलना करावयाची ती दुरुस्तीनंतरच्या एका वर्षाच्या सेवेची, आणि तीच सेवा अन्य मार्गाने मिळविण्याच्या खर्चाची. माझे आकडे असे. इंजिनाचे काम तीन वर्षे टिकेल असे धरल्यास वर्षाला चौदा हजार. पन्नास हजारांची गाडी तीन वर्षांनी भंगारात वीस हजारांना जाईल, म्हणजे घसारा दहा हजार. किरकोळ दुरुस्त्या अठरा हजार, विमा तीन हजार. एकूण पंचेचाळीस हजार. नवी गाडी साडेसहा लाखांना पडते. पाच वर्षांत तिची किंमत निम्मी होईल असे मानले तर घसारा पासष्ट हजार, अडकलेल्या रकमेवरील सात टक्के व्याज चौतीस हजार, विमा व देखभाल तेवीस हजार. एकूण एक लाख बावीस हजार. नवी गाडी पेट्रोल कमी पिते खरी. परंतु पाच हजार किलोमीटरांत ती बचत दहा-अकरा हजारांपलीकडे जात नाही. ज्याला वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरावे लागते, त्याच्या बाबतीत मात्र पेट्रोल व वाढत्या दुरुस्त्या मिळून हे अंतर जवळजवळ मिटते. म्हणून शेजाऱ्याने काय केले हे पाहून आपण ठरवू नये. त्याचे किलोमीटर आणि आपले किलोमीटर वेगळे आहेत.

ह्या हिशेबात एक गृहीत लपलेले आहे, ते म्हणजे ‘तीन वर्षे टिकेल’. हे कोण सांगणार? मिस्त्रीच, आणि येथे ज्ञानाची विषमता पुन्हा उलटते. तरीही ग्राहक अगदीच निःशस्त्र नसतो. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आहे, आणि ते काम पुष्कळदा स्वस्तात होते. सिलिंडरातील दाब मोजावा, मग थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्हचा दोष. ही चाचणी करून दाखविण्यास जो मिस्त्री का-कू करतो, त्याच्याकडे इंजिन उघडू नये. आणि इंजिनाच्याही आधी गाडी वर उचलून खालचा पत्रा पाहावा. इंजिन बदलता येते. आजच्या लहान गाड्यांना वेगळी चौकट नसते, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा असतो. कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा हा कणा गंजला असेल तर आभाळच फाटल्यासारखे आहे, ठिगळ कोठे कोठे लावणार?

अमेरिकेतील मॅडिसन शहराच्या बस कंपनीत हॅरल्ड झर्चर नावाचे देखभाल-अधिकारी होते. बसचे इंजिन केव्हा बदलावे हे ते कसे ठरवितात, ह्यावर जॉन रस्ट ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली एक गाजलेला निबंध लिहिला. सुमारे दहा वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखविले की झर्चर यांचे निर्णय गणिती सूत्राशी बरेच जुळतात. त्या सूत्रातील महत्त्वाची बाब अशी की, दुरुस्ती पुढे ढकलण्यालाही किंमत असते, कारण इंजिन डेपोत बंद पडत नाही, प्रवाशांसह रस्त्यात बंद पडते. बाभळीखालचा दीड तास माझ्या हिशेबात मी लिहिला नव्हता, तो असा.

आणखीही काही गोष्टी माझ्या कागदावर नव्हत्या. चालकासाठी एअरबॅग नव्या मोटारींना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती नाही व कोणताही मिस्त्री ती बसवून देणार नाही. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे लक्ष्य गाठले. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग त्यामुळे लवकर बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केले आहे. आमच्याच जिल्ह्यातील उसाने आमच्याच गाडीच्या नळ्या खाव्यात, ह्या योगायोगाचे हसू आल्यावाचून राहत नाही. आणि धूर? तो मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या छातीत जातो, माझ्या जमाखर्चात येत नाही. येथे शासनाचा अधिकार मला मान्य आहे. परंतु वयाची अट हे त्याचे योग्य साधन नव्हे. मुंबईत वीस वर्षांच्या नियमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. टॅक्सी दिवसरात्र धावते, तिला तो नियम शोभतो. दिल्लीत २०१५ सालच्या हरित लवादाच्या आदेशाने डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली, ती मात्र कमी धावणाऱ्या गाडीलाही त्याच मापाने मोजणारी होती. वय मोजणे सोपे असते, धूर मोजणे कष्टाचे. आणि गाडीकडे न पाहता प्रदूषणाचे प्रमाणपत्र हाती पडते हा अनुभव सार्वत्रिक असल्याने शासनास सोपा मार्ग आवडतो. नूतनीकरणाचे शुल्क चाचणीच्या निकालावर ठरवावे, चांगल्या गाडीस कमी व धुराळ गाडीस जबर, एवढी सुधारणा तरी अशक्य नसावी.

एक पर्याय मी सर्वांत शेवटी तपासला, वास्तविक तो आधी तपासावयास हवा होता. मिरजेच्या चोवीस खेपा भाड्याच्या गाडीने, खेपेला अठराशे धरून, त्रेचाळीस हजारांना पडतात. म्हणजे केवळ त्या खेपांसाठी स्वतःची गाडी असेल तर जुन्या गाडीचाही कैवार घेता येत नाही. माझ्या गाडीस कॉलेज, शेत आणि बाजार ही इतर कामे आहेत म्हणून ती तरली. मिस्त्रीने ती वर उचलली, पत्र्यावर हातोडी वाजवून पाहिली. चालकाच्या पायाखालची एक वीतभर जागा सोडल्यास आवाज खणखणीत आला. इंजिनाचा ब्लॉक सध्या कोल्हापूरला उद्यमनगरात बोअरिंगसाठी गेला आहे. तो येऊन बसेपर्यंत, आणि त्यानंतरच्याही पहिल्या दोन खेपांना, आईला भाड्याच्या गाडीनेच न्यावयाचे ठरले आहे.