बाटली भरण्याआधी

हातपंपाची एक बाटली तपासली की गावाचं पाणी कळतं, हे मागील अंकातल्या पत्रलेखकाचं म्हणणं पटलं नाही. बीडच्या काळ्या पाषाणात उथळ विहीर आणि खोल बोअर यांचं पाणी एक नव्हे. उकिरड्याचं, खताचं नायट्रेट आधी विहिरीत उतरतं; फ्लोराइड बहुधा खोल बोअरमध्ये सापडतं. शिवाय पाइपातलं शिळं पाणी उपसून टाकल्याशिवाय नमुना भरला, तर तपासणी होते ती पाइपाची! फ्लोराइडसाठी बाटलीही प्लास्टिकची हवी, काचेची नव्हे. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. मे महिन्यातला आकडा त्याखाली असला तरी पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावाच लागतो. खर्च वाढेल, हा त्यांचा मुद्दा मात्र रास्त आहे.
— एक वाचक, अंबाजोगाई