पत्रकार संघाचा तालुकाध्यक्ष : शाल-श्रीफळाचा की संघर्षाचा?

पत्रकार संघटना आपल्या तालुकाध्यक्षांसाठी नेतृत्व प्रशिक्षण शिबिरे घेतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या शिबिरांत शिकवले काय जाते? सभाधीटपणा, व्यक्तिमत्त्व विकास, मोबाईलवर बातमी कशी करावी, सदस्य कसे वाढवावेत. उद्घाटनाला आमदार, समारोपाला कारखान्याचे चेअरमन आणि दुपारचे जेवण कुणाच्या तरी सौजन्याने. ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच पंगतीला बसून नेतृत्वाचे धडे घ्यायचे, हे कसले प्रशिक्षण?

आंबेडकरी तरुणांनी यात लक्ष का घालायचे, असे काही जण विचारतील. कारण सरळ आहे. आपल्या वस्तीवर अत्याचार होतो, तेव्हा मुंबई-दिल्लीचा संपादक तिथे नसतो. तिथे असतो तालुक्याचा वार्ताहर. तो पहिल्या दिवशी जे लिहितो, तेच पुढे ‘घटना’ म्हणून रूढ होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांमध्ये जातीय अत्याचाराऐवजी ‘अनैतिक संबंधां’ची कुजबुजच पुढे आली. खरे चित्र राज्यासमोर यायला आपल्या कार्यकर्त्यांना गावात जावे लागले आणि रस्त्यावर उतरावे लागले. म्हणून तालुक्याच्या पत्रकारांचा नेता कोण आणि तो काय शिकलेला आहे, हा आपलाही प्रश्न आहे.

आता पुणे-सोलापूर महामार्गावरचे लोणी देवकर घ्या. एका बाजूला औद्योगिक वसाहत, भोवताली इंदापूर-बारामतीचा उसाचा पट्टा, साखर कारखाने, दूध संघ, बँका, शिक्षणसंस्था. या पट्ट्यात सत्ता, सहकार आणि पैसा वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत. अशा गावातल्या वार्ताहराला ठरलेला पगार नसतो. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिरात कुणाची? नेत्याच्या वाढदिवसाची, कारखान्याच्या गळीत हंगामाची, दिवाळी अंकाची. उद्या कंपनीत कंत्राटी कामगाराचा हात मशीनमध्ये गेला किंवा ऊसतोड मजुराची उचल मुकादमाने बुडवली, तर ही बातमी त्याने कुणाच्या भरवशावर लिहायची? इथे त्या वार्ताहराला दोष देऊन भागणार नाही. तो एकटा आहे, आणि एकट्याला वाकवणे सोपे असते. त्याच्या मागे उभे राहणे हेच तालुकाध्यक्षाचे खरे काम. बाकी सगळे हारतुरे.

एकटेपणाची किंमत कोकणाने पाहिली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले. रिफायनरीच्या वादावर ते लिहीत होते. ज्या दिवशी त्यांची बातमी छापून आली, त्याच दिवशी हे घडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा २०१७ साली मंजूर झाला आहे. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, उपचाराच्या खर्चाची भरपाई, असे त्यात आहे. पण हा कायदा पत्रकार कुणाला म्हणतो? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा करारावर नेमलेला आहे, त्याला. मग ज्याच्या हातात नेमणुकीचा कागदच नाही, फक्त गळ्यात ओळखपत्र आहे, त्याने ठाण्यात काय दाखवायचे? आपल्या तालुक्यातल्या किती वार्ताहरांकडे नेमणूकपत्र आहे, याची यादी शिबिराला येतानाच अध्यक्षाने आणली पाहिजे. ते मिळवण्यासाठी मालकाशी कसे बोलायचे, हा पहिला तास असला पाहिजे.

दुसरा तास ॲट्रॉसिटी कायद्याचा. ‘दोन गटांत हाणामारी’ असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. पण कायदा आणि त्याचे नियम वार्ताहराच्या हातात आयते प्रश्न देतात. तपास उपअधीक्षकाकडे आहे का? जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक घटनास्थळी गेले का? गुन्हा नोंदल्यावर अर्थसाहाय्याचा पहिला टप्पा मिळाला का? साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले का? उपविभागीय दक्षता समितीची बैठक शेवटची कधी झाली? एवढे पाच प्रश्न दर प्रकरणात विचारले गेले, तरी तहसील आणि ठाण्याची झोप उडेल. हे शिकवायला मोठा वक्ता लागत नाही, कायद्याची पुस्तिका पुरते.

तिसरा तास स्वतःकडे पाहण्याचा. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अहवालात १२१ नेतृत्वाच्या जागा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. हे मोठ्या माध्यमांचे झाले. तालुका संघाच्या कार्यकारिणीत आपले किती? भटक्या-विमुक्तांचे किती? मुस्लिम किती, महिला किती? अध्यक्षपद फिरते आहे की एकाच घरात मुक्कामाला आहे? जो संघ सगळ्या गावाचे प्रश्न मांडायचा दावा करतो, त्याने आधी आपली हजेरीवही उघडून दाखवावी.

मराठी पत्रकार परिषद १९३९ ची. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याच पुण्यातून १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ आला, तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. ६ जानेवारीला ‘दर्पण’चा दिवस गावोगाव साजरा होतो, व्हावाच. मग ३१ जानेवारीला तेच सभागृह रिकामे का?

नेतृत्व प्रशिक्षण म्हणजे काय, हेही बाबासाहेबांनी दाखवून ठेवले आहे. १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. तब्येत साथ देत नव्हती, धम्मदीक्षेची तयारी सुरू होती, तरीही. शाळा म्हणजे शाळा : अभ्यासक्रम, व्याख्याने, मोजके विद्यार्थी, महिनोन्‌महिने मेहनत. एका दिवसात प्रमाणपत्र आणि सोबत ग्रुप फोटो, हा त्यांचा मार्ग नव्हता. पुढारी हा शिकून तयार होतो, मिरवून नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून मागणी साधी आहे. शिबिराचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून व्हावा, मग भले जेवण पिठलं-भाकरीचे असो. कारखानदार आणि लोकप्रतिनिधी यांना व्यासपीठावर नको, समोर बसवा आणि प्रश्न विचारा. अध्यक्षाने वर्षअखेर हिशेब द्यावा : किती वार्ताहरांना नेमणूकपत्र मिळाले, कुणावर दबाव आला तेव्हा संघाने काय केले, अत्याचाराच्या किती प्रकरणांचा पाठपुरावा झाला.

आणि आपल्या तरुणांनो, बाहेर उभे राहून ‘मीडिया विकला गेला’ म्हणणे पुरेसे नाही. जे गावातून बातमी देतात, त्यांनी संघाचे सदस्य व्हा, वर्गणी भरा, सभेला जा, निवडणूक लढवा. जे देत नाहीत, त्यांनी खरी बातमी लिहिणाऱ्याच्या मागे उभे राहा. त्याचा अंक विकत घ्या, त्याच्यावर दबाव आला तर ठाण्यात सोबत जा. मूकनायकाच्या वारसदारांनी दुसऱ्याच्या दारात बातमीसाठी ताटकळायचे दिवस संपवायचे असतील, तर तालुक्याच्या त्या खुर्चीपासून सुरुवात करावी लागेल.

जय भीम!