घरांतील तबकड्या व आपलें कर्तव्य

घरोघरीं कपाटांत सीडीच्या तबकड्या धूळ खात पडल्या आहेत. त्यांतील गायन संगणकावर उतरवून खिशांतील यंत्रावर ऐकावें, ही कल्पना उत्तम होय. परंतु घाईनें हें काम बिघडतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९८२ सालीं विक्रीस आलेल्या या तबकडीवर प्रत्येक कानासाठीं ध्वनीचीं दर सेकंदास ४४,१०० मोजमापें नोंदलेलीं असतात. एमपीथ्री पद्धतीनें फाइल सुमारें दहाव्या हिश्शाइतकी लहान होते खरी. पण कानास सहसा जाणवत नाहीं म्हणून जो अंश टाकला जातो, तो पुनः कधींच मिळत नाहीं. फ्लॅक पद्धतीनें जागा निम्म्याच्या आसपास लागते, तथापि मूळांतील कांहींच गळत नाहीं. आणि तीवरून एमपीथ्री हवी तेव्हां करतां येते.

सबब प्रथम फ्लॅक प्रत करावी, तिजवर गायकाचें व रागाचें नांव लिहावें आणि दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी.

घरीं भरलेल्या तबकड्यांचा रंगथर कालांतरानें विटतो. आजोबांचें भजन अशाच तबकडीवर असेल, तर तें कोणत्याही दुकानांत विकत मिळणार नाहीं. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत आरंभ तेथूनच करा!