व्यवस्था-विचार म्हणजे आणखी एक समिती नव्हे

सरकारी प्रशिक्षणवर्गांत ‘सिस्टिम्स थिंकिंग’ हा शब्द वारंवार कानी पडतो. मराठीत त्यास व्यवस्था-विचार म्हणता येईल. अशाच एका वर्गात मी त्याची व्याख्या विचारली असता ‘समग्र दृष्टिकोन’ असे उत्तर मिळाले. समग्र म्हणजे काय, तर सर्व विभागांनी एकत्र बसावे. म्हणजे आणखी एक समिती! माझा आक्षेप नेमका या समजुतीला आहे.

डोनेला मेडोज यांच्या, त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात व्यवस्थेची तीन अंगे सांगितली आहेत: घटक, त्यांचे परस्परसंबंध आणि उद्दिष्ट. हे उद्दिष्ट घोषणेत शोधायचे नसते. ते व्यवस्थेच्या प्रत्यक्ष वागणुकीतून ओळखायचे असते. आपल्या समित्या घटकांना एका टेबलाशी बसवतात, संबंधांना मात्र हात लावत नाहीत.

दिल्लीकर मराठी वाचकाला याचे उदाहरण दर नोव्हेंबरला श्वासाबरोबर मिळते. तेथील प्रदूषणाला वाहने, धूळ, उद्योग हीही कारणे आहेतच. पण पंजाब-हरियाणातील परालीच्या, म्हणजे भाताच्या काडाच्या, धुराची कथा विशेष बोधप्रद आहे. देशाला धान्य हवे होते, म्हणून गहू व तांदळाची हमीभावाने खात्रीशीर खरेदी सुरू झाली. पंजाबात शेतीपंपांना मोफत वीज मिळाली. भात वाढला आणि भूजल खोल गेले. ते वाचवण्यासाठी २००९ मध्ये दोन्ही राज्यांनी कायदे करून लावणी जूनपर्यंत पुढे ढकलली. साहजिकच कापणीही पुढे गेली. गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती उरले जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि शेतात उरले यंत्राने कापलेल्या भाताचे काड. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काडी ओढणे. तोवर वारा मंदावलेला आणि हवा गारठलेली असते. धूर जमिनीलगत कोंडून राहतो.

यात चुकले कोण? अन्न विभागाने धान्य मिळवले, वीज विभागाने धोरण पाळले, जलरक्षणाच्या कायद्याने पाण्याचाच विचार केला. प्रत्येकाची नस्ती निर्दोष आहे. दंड मात्र शेतकऱ्याला. २०१८ पासून यंत्रांना अनुदान आले, २०२१ मध्ये हवेच्या गुणवत्तेसाठी आयोगाचा कायदा झाला, २०२४ मध्ये दंड दुप्पट होऊन पाच एकरांवरील शेतकऱ्यास तीस हजार रुपयांवर गेला. भाताकडे ढकलणारी खरेदी आणि मोफत वीज मात्र जागच्या जागी आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे गृहीतक शिकवतात. प्रशासनाचा दोष हा, की आपण ते गृहीतक आहे हेच विसरतो. मीही विसरलो आहे. बैठकांत मी लिहिलेली टिपणे माझ्या विभागाचा बचाव करणारीच असत. कारण माझे मूल्यमापन माझ्या विभागाच्या लक्ष्यांवर होत असे. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडणारे परिणाम कोणी माझ्या खाती मांडले नाहीत.

कोणी म्हणेल, दोष व्यवस्थेवर टाकला की जबाबदारी कोणाचीच उरत नाही. माझ्या मते उलट आहे. ती काडी ओढणाऱ्याकडून नियम ठरवणाऱ्याकडे सरकते, आणि म्हणूनच आम्हा अधिकाऱ्यांना ‘समग्र दृष्टिकोन’ अधिक प्रिय असतो. डाळी व मक्याची तितकीच खात्रीची खरेदी करणे किंवा विजेच्या अनुदानाची रक्कम थेट शेतकऱ्याच्या हाती देऊन पाणी वाचवणे त्याच्या फायद्याचे करणे, हे संबंध बदलणे होय. ते कठीण आहे. बैठक घेणे सोपे आहे.

माझी व्याख्या साधी आहे. आजच्या उपायातून उद्याचा प्रश्न कोणत्या वाटेने जन्माला येईल आणि त्याची किंमत कोण मोजेल, हे निर्णयाआधी नस्तीवर लिहून त्याखाली सही करणे म्हणजे व्यवस्था-विचार. सहीविना उरतो तो केवळ शब्द.