बी.ए. झालेल्यांना हसण्यापूर्वी

मुलाला दहावीला गुण कमी पडले, घातला आर्ट्सला. मुलीचे लग्न ठरेपर्यंत वेळ काढायचा, घातली आर्ट्सला. समाजातल्या कितीतरी घरांत बी.ए.कडे असेच पाहिले जाते. तीन वर्षांनी हाच मुलगा किंवा हीच मुलगी म्हणाली, 'परदेशी जाऊन संगणकात मास्टर्स करायचे आहे', की वडीलधारे हसतात. इतिहास वाचणाऱ्याला संगणक काय येणार? हा हसण्याचा अधिकार यांना दिला कोणी, असा आमचा सवाल आहे.

व्यासपीठावर चढले की हेच लोक अल-ख्वारिझमीचे नाव घेतात. नवव्या शतकातल्या बगदादच्या या विद्वानाच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, हे सांगून टाळ्या मिळवतात. ते खरेच आहे. पण त्याच विद्वानाने भूगोलावर आणि खगोलावरही ग्रंथ लिहिले, हे कोणी सांगत नाही. उर्दूची नस्तालीक लिपी १९८१ च्या सुमारास छपाईच्या संगणकावर आली, ती मिर्झा अहमद जमील या कलावंताने हजारो जोडअक्षरे हाताने लिहून काढल्यावर. यंत्र मोनोटाइप कंपनीचे होते, हात सुलेखनकाराचा होता. मग भाषा आणि कला शिकणाऱ्याचा संगणकाशी संबंध नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत 'कन्व्हर्जन' अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठीच ते काढलेले असतात. साधारण एका वर्षात प्रोग्रामिंग, डेटाबेस वगैरे पायापासून शिकवतात. जर्मनीत मात्र संगणकाच्या मास्टर्सला बहुधा त्याच विषयाची पदवी मागतात. आपल्याकडेही बारावीला किंवा पदवीला गणित असेल, तर बी.ए.वाल्याला दोन वर्षांच्या एम.सी.ए.चे दार उघडे आहे; जोडीला पूरक अभ्यासक्रम करावा लागतो. ही माहिती मोहल्ल्यात कोणी सांगितली?

घरातल्यांनी सांगितले नाही, म्हणून मुले एजंटाकडे जातात. अनेक एजंटांना कमिशन विद्यापीठाकडून मिळते, त्यामुळे कमिशन जिथे, सल्ला तिथला. फी आणि राहणे धरून तीस-चाळीस लाख सहज जातात, हे तो हळू आवाजात सांगतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतर थांबण्याची मुदत दोन वर्षांची होती; १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना ती दीड वर्षच मिळणार, हे तो सांगत नाही. अशा मास्टर्सला जाणाऱ्यांना २०२४ पासून नवरा, बायको किंवा मुले सोबत नेता येत नाहीत, हे निकाह झालेल्या मुलीला विमानाचे तिकीट काढताना कळायचे काय?

आता पैशाचे पाहा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जाच्या व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. त्यावर किती जमातींनी ठराव केले? 'व्याज हराम आहे, कर्ज काढू नका', असे बजावणारे बुजुर्ग पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. पण मग बिनव्याजी कर्जाचा फंड उभा करणे त्यांच्यावरच येते. वलीम्याला हजार पाने वाढणाऱ्या समाजाला ते अशक्य आहे, हे आम्ही मानत नाही.

जाणाऱ्या मुलांनाही आमचे सांगणे आहे. बी.ए.ची लाज वाटते म्हणून पळून जाऊ नका. घर गहाण ठेवण्याआधी सहा महिने रोज बसून गणित आणि प्रोग्रामिंग करून पाहा. हार्वर्डचा 'सीएस५०' हा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट शिकता येतो. त्यात मन रमले नाही, तर तीस लाख खर्चूनही रमणार नाही. नव्या पदवीधरांना पहिली नोकरी मिळणे आज तिकडेही कठीण झाले आहे. नुसत्या पदवीच्या कागदावर ती मिळत नाही.

आणि जो या सहा महिन्यांत टिकेल, तो मुलगा असो वा मुलगी, त्याच्या पाठीशी उभे राहा. जमातीच्या हॉलमध्ये लग्नाच्या तारखांतून महिन्याची एक तारीख या मुलांसाठी काढा. परदेशी शिकून आलेल्यांना तिथे बोलवा, खर्चाचा खरा हिशेब मांडायला लावा, फंडाची पेटी ठेवा. एवढे करायचे नसेल, तर निदान त्यांना हसू तरी नका.