आमचे झाकण परत करा!
सॅमसंगच्या गॅलक्सी एस२४ अल्ट्राचे गुण मी मोकळेपणाने मान्य करतो. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, टायटॅनियमची चौकट आणि २०२४ साली कंपनीने दिलेले ७ वर्षांच्या अपडेटचे वचन. सप्तपदीच म्हणा ना! पण बॅटरी आत चिकटवलेली. सात वर्षांत ती म्हातारी होणारच. घरातल्या टॉर्चचे सेल शेंबडे पोरही बदलते. लाखाच्या वर मोजून घेतलेल्या फोनची बॅटरी बदलायला मात्र दुकानाची पायरी चढायची. का? तर म्हणे, आत पाणी जाऊ नये! अहो, याच कंपनीच्या २०१४ च्या एस५ चे झाकण नखाने निघायचे, आणि तरीही तो मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरायचा. टायटॅनियम तुमचे तुम्हाला लखलाभ. आमचे झाकण तेवढे परत करा!