अंगठा होकाराचा की नकाराचा?

मराठीत अंगठा दाखविणे म्हणजे साफ नाकारणे. कागदावर अंगठा करणे म्हणजे वचनाने बांधले जाणे. हे दोन्ही अर्थ जाणणाऱ्या परतवाड्याच्या बाजारात आता मोबाइलवरील तिसरा अंगठा आला आहे. संत्र्याच्या बागेचा भाव कळविला की उत्तरादाखल तो उमटतो. त्याने सौदा ठरला, की नुसता निरोप पोचला?

हा प्रश्न विनोदाचा नव्हे. कॅनडातील एका धान्यव्यापाऱ्याने जवसखरेदीचा करार शेतकऱ्यास पाठविला. उत्तरादाखल अंगठा आला, माल मात्र आला नाही. ती केवळ पोच होती, हे शेतकऱ्याचे म्हणणे न्यायालयाने २०२३ साली अमान्य केले व ८२,००० डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. कारण त्या दोघांचे पूर्वीचे सौदे अशाच त्रोटक उत्तरांनी पार पडले होते. उलटपक्षी, २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयाने रेल्वे संरक्षण दलाच्या एका जवानाने पाठविलेला अंगठा ही संदेशाची प्रशंसा नव्हे, निव्वळ पोच होय, असे मानले.

'इमोजी' या जपानी शब्दाचा अर्थ चित्राक्षर. परंतु या अक्षरास क्रियापद नाही, काळ नाही. त्याचा अर्थ उभयतांच्या वहिवाटीवरच ठरतो, आणि तंटा उद्भवतो तो नेमका त्या वहिवाटीविषयीच. स्नेह्यांच्या थट्टेत ही संदिग्धता गोड वाटेल. वर्षाच्या पिकाच्या व्यवहारात ती परवडणारी नाही. तेथे 'सौदा मान्य' किंवा 'विचार करून कळवितो' असे स्पष्ट लिहावे, अशी व्यापारी व बागायतदार या दोघांसही आमची आग्रहाची सूचना आहे. अंगठा सोडून सही शिकण्यास आपल्या समाजाला पिढ्या लागल्या. ते श्रम साक्षरांनीच वाया घालवू नयेत.